बंदराची हद्द

वारा पूर्वेकडून यायला लागला तसं जोरी पेलोनं काळजीनं समुद्राकडे पाहिलं. पोर्थगॅराच्या बंदराला तीन बाजूंनी डोंगराचा आडोसा आहे, पूर्वेची बाजू तेवढी उघडी. आणि नेमका त्याच तोंडाशी, बंदराच्या हद्दीबाहेर जेमतेम काही हात, हेडली नॅनकॅरो आपली शिडाची होडी नांगरून बसला होता.

हद्द म्हणजे धक्क्यावरच्या पांढऱ्या दगडापासून समोरच्या खडकापर्यंत नजरेनं ओढायची रेघ. आत कंपनीचं बंदर, बाहेर कोणाचंच नाही. हेडलीनं तीन वर्षं बंदराचं भाडं भरलं नव्हतं. आता होडीचं शेपूट जरी रेघेच्या आत आलं तरी ती जप्त करायची, असा कंपनीचा हुकूम होता. बजावायचा होता जोरीनं, कारण कंपनीचा वसुलीवाला तोच. दुपारपासून तो लाँच घेऊन हेडलीच्या शेजारी डुलत होता.

“भरून टाक ना एकदाचं!” तो ओरडला. “सगळे भरतात. हौसेच्या होड्या ठेवायच्या आणि भाड्याचं नाव काढलं की बोंब!”

“कशाचं भाडं? पाणी कंपनीनं आणून ओतलंय का?”

“पाण्याचं नाही रे, तळाचं. तळ कंपनीच्या मालकीचा आहे. तुझा नांगर टेकतो ना त्याला?”

“खेकडेही टेकतात. त्यांच्याकडून किती वसूल केलंस आज?”

जोरीला हसू आलं आणि हसू आलं म्हणून स्वतःचाच राग आला. शाळेपासून या माणसानं त्याला असंच हसवून गप्प केलं होतं. मागच्या वर्षी जोरीनं त्याचं भाडं गुपचूप स्वतःच्या खिशातून भरायचा घाट घातला, तर ते कळल्यावर हेडली महिनाभर त्याच्याशी बोलला नव्हता.

एवढ्यात होडी वळायला लागली. दिवसभर पश्चिमेच्या वाऱ्यानं ती समुद्राच्या बाजूला ताणली होती. आता नांगराभोवती फिरून तिचं मागचं टोक बंदराकडे सरकू लागलं. हेडली धडपडत पुढे गेला आणि साखळी आत ओढू लागला. होडी रेघेच्या बाहेरच जेमतेम थांबली.

जोरी उभाच राहिला. साखळी लांब असली, तळावर पसरून पडली, तरच नांगर धरतो. आखूड साखळी नांगराला उभा करते आणि मग तो नुसता घसरत जातो. गावातल्या निम्म्या पोरांना हे हेडलीनंच शिकवलं होतं. रात्री वारा वाढणार होता, आणि नांगर सुटला तर होडी जाणार होती ती थेट खडकावर.

“साखळी सोड, हेडली!”

“सोडली की आत येतो मी.”

“मग ये आत!”

“आणि होडी तुझ्या मॅनेजरबाईंना नजर करू?”

“मग मरू दे होडी. तू माझ्या लाँचमध्ये ये.”

हेडली पुढच्या टोकाशी मांडी घालून बसला आणि त्यानं ताणलेल्या साखळीवर तळवा ठेवला. नांगर घसरतोय का, हे तो हातानं बघत होता. म्हणजे त्यालाही भरवसा नव्हता. जोरीला भीती वाटली.

वायरलेस खरखरला. “पेलो, इथून आता काही दिसत नाही, फार अंधारून आलंय,” मॅनेजरबाईंचा आवाज आला. “होडी आत आली का?”

हेडलीनंही ते ऐकलं. “सांग त्यांना,” तो म्हणाला, “अजून बाहेरच आहे म्हणावं.” तेवढ्यात लाट आली, साखळीला हिसका बसला आणि होडीचं नाक पाण्यात गेलं.

जोरीनं लाँच फिरवली. तिचं तोंड सरळ उघड्या समुद्राकडे केलं, इंजिन हळू ठेवलं आणि हेडलीकडे पाठ करून फळीवर बसला. मग वायरलेस तोंडाशी धरला.

“मला दिसत नाही, मॅडम.”

“दिसत नाही म्हणजे? तुम्ही त्याच्या शेजारीच आहात ना?”

“शेजारीच आहे. पण दिसत नाही.”

“उद्या सकाळी मला ऑफिसात भेटा,” बाई म्हणाल्या आणि वायरलेस बंद झाला. या वयात दुसरी नोकरी मिळणार नाही हे जोरीला माहीत होतं. त्यानं थर्मासमधला उरलेला चहा झाकणात ओतला.

“जोरी,” मागून हाक आली. “इकडे बघ.”

“नाही बघणार.”

“अरे गाढवा, नोकरी जाईल तुझी.”

“मी चहा पितोय. मला त्रास देऊ नकोस.”

जोरीनं चहा संपवला. मग मागे साखळी खडखडली, थोडीशी, भीतभीत, आणि थांबली.

जोरी समोरच्या काळ्या पाण्याकडे बघत राहिला.

“अजून सोड,” तो म्हणाला.