न कळण्याची भाषा

माझ्या इंग्रजीच्या वर्गात एका काकूंनी पहिल्याच दिवशी विचारले, "सर, मोडण्या-कोसळण्याचे शब्द आधी शिकवाल? मुलगा-सून जेवताना इंग्रजीत भांडतात. वेळीच कळलं, तर समजूत तरी घालेन."

मी शिकवले: 'फॉल अपार्ट', म्हणजे विस्कटून जाणे, 'बियॉन्ड रिपेअर', म्हणजे दुरुस्तीपलीकडचे. उसवलेल्या कापडाला टाके घालावेत, तशा मन लावून त्या शब्द-अर्थाची एकेक जोडी पाठ करीत.

पुढे एकदा त्या आल्या, पण त्यांनी वही उघडलीच नाही. मी संकोचून विचारले, "भांडण मिटलं का?"

 

"ते भांडतच नव्हते, सर. माझ्यामुळे त्यांचा संसार मोडतोय, एवढंच बोलत होते. माझा घास अडकला की मात्र मराठीत विचारतात, 'आई, पाणी देऊ का?'"