विभाग चालू राहावा म्हणून

देविका मॅडमनी पिशवीतून पितळी पाटी काढून टीपॉयवर ठेवली, आणि चहाचा ट्रे घेऊन येणाऱ्या रेखाताई दारातच थबकल्या. पाटीवर कोरलं होतं, 'कै. आशुतोष जयप्रकाश बिवलकर यांच्या स्मरणार्थ, पाली विभागास देणगी.'

"हे कुणी सांगितलं करायला?" रेखाताईंनी विचारलं.

मॅडमना काही कळेना. पुण्याकडच्या एका विद्यापीठात त्या पालीच्या विभागप्रमुख होत्या, म्हणजे शिकवायच्याही त्याच आणि खोलीला कुलूप लावायच्याही त्याच. विद्यार्थी उरले होते चार. विद्यापीठानं स्पष्ट बजावलं होतं, जूनपर्यंत बाहेरून निधी आणा, नाहीतर विभाग बंद. तेव्हा त्यांना आशुतोष आठवला. एम.ए. अर्ध्यावर सोडून सुट्टीत मस्कतला गेलेला, परत न आलेला. वडील जयप्रकाश तिथेच ओमानमध्ये, सोहारला स्टीलच्या कारखान्यात इंजिनिअर. मॅडमनी फोन लावला. देणगी देतो, मुलाचं नाव द्या, असं जयप्रकाश लगेच म्हणाले. मुलगा आता काही शिकायला यायचा नाही, एवढं बोलून त्यांचा आवाज चिरकला. मॅडमनी चार सांत्वनाचे शब्द काढले. जयप्रकाश म्हणाले, "थँक यू, मॅडम."

मग मॅडमनी पदरमोड करून पाटी करून घेतली, भाचीकडे म्हणून मस्कतला आल्या, आणि गुरुवारी जयप्रकाश सुट्टीला घरी येतात म्हणून आज मस्कतच्या रुवी भागातल्या या फ्लॅटवर पोचल्या.

"अहो, तुम्ही काय सांगितलंत यांना?" रेखाताई नवऱ्याकडे वळल्या.

"मी काहीच सांगितलं नाही," जयप्रकाश म्हणाले. ते खरंच होतं, आणि तोच त्यांचा गुन्हा होता.

रेखाताईंनी ट्रे खाली ठेवला आणि मॅडमचं मनगट धरून त्यांना आतल्या खोलीत नेलं.

हॉस्पिटलसारख्या कॉटवर आशुतोष होता. नाकात नळी, डोळे उघडे, नजर कुठेच नाही. दोन वर्षांपूर्वी सोहारच्या रस्त्यावर गाडीसमोर उंट आला होता. गाडी जयप्रकाश चालवत होते. त्यांना साधं खरचटलंही नव्हतं.

"आशू, बघ कोण आलंय," रेखाताई मोठ्यानं, अगदी हौसेनं म्हणाल्या. "तुझ्या मॅडम."

मॅडमना तिथून पळून जावंसं वाटलं. प्रत्येक ओळीवर वाद घालणारा हा मुलगा. एवढी लाज त्यांना उभ्या जन्मात वाटली नव्हती. माफ करा, देणगीचं राहू द्या, असं त्या कशाबशा म्हणाल्या. पण मागे राहिलेल्या चार पोरांना त्या काय सांगणार होत्या?

"राहू कसं द्या?" रेखाताई म्हणाल्या. "विभाग बंद झाला तर हा उठल्यावर शिकायला कुठे जाईल?"

त्यांनी नवऱ्याला तिथूनच हाक मारून चेक लिहायला लावला. पाटी मात्र नवी करायची. 'कै.' नको, 'स्मरणार्थ' नको, नुसतं नाव. आणि त्याची जागा ठेवायची, त्याचं शेवटचं वर्ष बाकी आहे. मॅडम प्रत्येक गोष्टीला हो म्हणाल्या. डॉक्टरांचं काय मत आहे, हे विचारायची त्यांची हिंमत झाली नाही. कॉटच्या पायाशी उभ्या असलेल्या जयप्रकाशांच्या चेहऱ्यावर ते दिसतच होतं.

ते मॅडमना लिफ्टपर्यंत सोडायला आले. चेकचं पाकीट मॅडमच्या पर्समध्ये होतं, वर्तमानपत्रात गुंडाळलेली पाटी जयप्रकाशांच्या हातात. उघड्या दारातून रेखाताईंचा आवाज येत होता. मॅडमचे केस आता किती पांढरे झालेत, ते त्या मुलाला हसत हसत सांगत होत्या.

लिफ्ट आली. जयप्रकाशांनी पाटी मॅडमच्या हातात दिली.

"नवी करा तिच्यासाठी," ते हळू आवाजात म्हणाले. "पण ही मोडीत काढू नका. कपाटात असू द्या. लागेल."