समजा, एक माणूस आहे

"झेल्मा, खिडकी उघड गं, हवा पुरत नाही," म्हणत अर्लन गेला, त्याला वर्षं लोटली. कोळशाच्या धुळीनंच त्याला खाल्लं, असा तिचा दावा. आज केंटकीच्या कोर्टात खाणमालकांचा वकील तज्ज्ञ डॉक्टरांना विचारत होता, "समजा, एक खाणकामगार आहे. समजा, तो सिगारेटी फुंकायचा, ढोसायचाही. बाप दम्यानं गेलेला. हा कशानं मेला?"

"सिगारेटनं," अर्लनला कधीही न पाहिलेले डॉक्टर बोलले.

झेल्माला किळस आली. हे कुठलं बुजगावणं नवरा म्हणून गळ्यात बांधताहेत माझ्या?

तिची वकीलबाई उठली. "त्या 'समजा'तून सिगारेट काढा, डॉक्टरसाहेब, पुरावा नाही. दारूही काढा. आणि दमा काढा; मेलेला बाप तो बघा, मागच्या बाकावर तंबाखू चघळतोय. आता उरलं काय?"

डॉक्टरांनी पहिल्यांदाच झेल्माकडे पाहिलं.

"खाण, बाई. पहिल्यापासून खाणच होती."