भोकांचा डबा

बिस्किट ओठांपासून बोटभर लांब असताना सुनेला ओट्यावरचा डबा दिसला आणि तिचा हात तिथेच थांबला.

पत्र्याचा डबा, झाकणाला खिळ्याने भोकं पाडलेली. सासऱ्याने चाळीस वर्षं बेकरीत बिस्किटं भाजली आणि निवृत्त होताना तिथून एवढी एकच वस्तू घरी आणली. डब्यात मैदा असायचा. लाटताना पीठ फळीला चिकटू नये म्हणून तो त्यातून मैदा भुरभुरायचा. आत्ता त्या डब्यावर ओल्या पिठाच्या बोटांचे ताजे ठसे होते.

सुनेला गहू चालत नव्हता. एक कण पोटात गेला तरी आतडी सोलून निघायची. डॉक्टरांनी गहू जन्मभरासाठी बंद केला होता, आणि कण म्हणजे कणच, असं दोनदा बजावलं होतं. म्हणून तर म्हाताऱ्याने तीन दिवस घर डोक्यावर घेतलं होतं. सुट्टीत सगळे बिस्किटं खातात आणि सून बाजूला बसून केळं सोलते, हे त्याला बघवेना. त्याने तांदूळ धुऊन, वाळवून घरीच दळले. चाळणी नवी, फळी नवी, लाटणं नवं. ओव्हन तर असा घासला की विकायला काढलाय का, असं मुलाने विचारलं. एवढं सगळं केलं, आणि ऐन लाटायच्या वेळी त्याचा उजवा हात सवयीने त्या डब्याकडे गेला. म्हाताऱ्याला पत्ताच नाही.

आता तो ॲप्रन बांधून समोर उभा होता. निकालाच्या दिवशी पोरं उभी राहतात तसा.

"काय झालं?" त्याने विचारलं. "जास्त भाजलंय का?"

नवऱ्याने डबा पाहिला, बायकोकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच, जाऊ दे ना, असं सांगितलं. त्याला कुणाचंच मन मोडायचं नव्हतं. आतडी त्याची नव्हती.

आत्या, म्हणजे म्हाताऱ्याची बहीण, दुकानातून आणलेल्या मैद्याच्या बिस्किटांची दुसरी बशी संपवत होती. "अगं, खा की," ती म्हणाली. "एकाने काय होतंय?"

एकाने काय होतं ते सुनेला तोंडपाठ होतं. मागच्या सुट्टीत याच आत्याच्या आग्रहाखातर तिने एक खाल्लं आणि सुट्टीचे चारही दिवस संडासात काढले. घरचे बाहेर पत्ते खेळत होते. मधूनच कुणीतरी दाराशी येऊन डाव कुणी जिंकला ते सांगून जायचं. यंदा तर उद्या सकाळी सहाला तिला बस चालवायची होती. सहलीची, चाळीस प्रवासी, मध्ये तीन तासांचा घाट. दर वळणावर आडोसा शोधणाऱ्या ड्रायव्हरच्या हातात पुन्हा गाडी कोण देणार?

बिस्किट रुमालात गुंडाळून, छान झालंय म्हणता आलं असतं. किंवा खाऊन टाकता आलं असतं. बायका पिढ्यानपिढ्या दोन्ही करत आल्या आहेत आणि कौतुक मात्र त्यांच्या सोसण्याचं होतं.

सुनेने बिस्किट बशीत ठेवलं.

"बाबा, लाटताना खाली काय भुरभुरलंत?"

"काही नाही गं, नेहमीचंच..." म्हणता म्हणता त्याची नजर ओट्यावर गेली. मग त्याने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. घरातलाच चोर सापडावा तसं.

आत्याचं चावणं थांबलं.

म्हातारा खुर्चीत बसला. आता हा रडतो, असं सगळ्यांना वाटलं. त्याचे खांदे हलायला लागले, पण तो हसत होता. आधी नाकातल्या नाकात, मग पोट धरून. हात डब्याकडे न बघता गेला पाहिजे, यासाठी बेकरीत आपण किती जणांना शिव्या घातल्या, ते तो डोळे पुसत सांगू लागला. त्यातला एकही धड शिकला नाही, शिकला तो हा मेला माझाच हात, म्हणाला.

मग तो उठला. डबा मुलाच्या हाती देऊन घराबाहेर काढायला लावला. ओटा धुतला, पुसला, परत धुतला. ओव्हन पुन्हा घासला. ॲप्रन उतरवला, हात कोपरापर्यंत धुतले, सुनेलाही धुवायला लावले. फळी, लाटणं बाद. टेबलावर कोरा कागद अंथरला, काचेची बाटली धुऊन लाटायला घेतली आणि बंद बरणीतलं उरलेलं तांदळाचं पीठ मळलं.

"पोरी, इकडे ये," तो म्हणाला. "हा हात धर. सोडू नकोस, याचा काही भरवसा नाही."

सुनेने त्याचं उजवं मनगट दोन्ही हातांनी धरलं, घाटात स्टिअरिंग धरते तसं. म्हातारा डाव्या हाताने लाटू लागला. दोनदा उजवा हात तिच्या मुठीत उसळला, डबा असायचा त्याच बाजूला.

"तिकडे रस्ता बंद आहे, बाबा," ती म्हणाली आणि मूठ आणखी आवळली.

ज्याची बिस्किटं लोक एकावर एक रचून, बघा कशी सारखी आहेत म्हणून दाखवायचे, त्याची बिस्किटं आज ओव्हनमधून निघाली ती एक जाड, एक पातळ, एक चक्क कानासारखं. सुनेने पहिलं खाल्लं. मग दुसरं. तिसरं तोंडात असतानाच चौथं उचललं.

"दिसायला भिकार आहेत," ती भरल्या तोंडाने म्हणाली. म्हाताऱ्याला एवढी मोठी शाबासकी उभ्या आयुष्यात कुणी दिली नव्हती.

आत्याने चव बघायला हात पुढे केला. मैद्याचा चुरा लागलेली तिची बोटं ताटाशी पोचायच्या आत म्हाताऱ्याने ताट उचलून डोक्यावर धरलं, उजव्या हाताने.

"अरे, एकच घेते. एकाने काय होतंय?"

"होतं," म्हातारा म्हणाला. "आधी हात धुऊन ये."

आत्या उठली. मोरीतला नळ बराच वेळ वाहत होता.