अर्गवानाचा जामीन

"आरी मी धरणार, आणि गयावया तुम्ही करायची," बद्री-खानम म्हणाली. "कळलं ना, फरामर्ज आगा?"

फरामर्ज आगाला कळलं होतं. नवरोज, वसंतातलं नवं वर्ष, तोंडावर आलं की इराणातल्या गुर्गानमध्ये न फुलणाऱ्या झाडाला असा दम देतात. एकानं आरी घेऊन झाडावर धावून जायचं, दुसऱ्यानं मध्ये पडून जामीन राहायचं. झाड घाबरतं आणि फुलतं. जामीन गप्प राहिला तर मात्र आरी चालवावीच लागते. पोकळ धमकी ऐकलेलं झाड पुढे कुणालाच जुमानत नाही.

पण गयावया करायची ती तिच्या अर्गवानाच्या झाडासाठी? आणि त्यानं?

दोन अंगणांच्या मध्ये एक भिंत होती. अलीकडे त्याचा रेशमी शिरीष, पलीकडे बद्री-खानमचा अर्गवान. त्याची बायको गेली, तिचा नवरा गेला, आणि तेव्हापासून दोघं भिंतीवरून झाडांसाठी भांडत होती.

"माझं झाड सगळा उन्हाळा फुलतं," तो म्हणायचा. "गुलाबी रेशमाचे झुबके नुसते! खाली बाज टाकावी, चहा प्यावा."

"आणि चहात पडलेलं रेशीम वेचत बसावं," ती म्हणायची. "दिवस मावळला की पानं मिटून झोपतं मेलं. अगदी मालकाच्या वळणावर गेलंय."

"तुमचं दोन आठवडे फुलतं म्हणे. म्हणे! पाहिलंय कुणी?"

"फुलेल तेव्हा पानांची वाट नाही बघणार. अर्गवानाचं आधी फूल, मग पान. तुमच्या शिरीषाला आधी पानं हवीत, सावली हवी, ऊन तापायला हवं. मग कुठे त्याला धीर होतो."

या भांडणासाठी फरामर्ज रोज सकाळी दाढी करायचा.

आता ते भांडणही संपायला आलं होतं. नवरोजला तिचा मुलगा तेहरानहून गाडी घेऊन येणार होता, आईला कायमचं न्यायला. बद्री-खानम गल्लीभर सांगत सुटली होती, "अर्गवान यंदा फुलला तर राहीन, नाहीतर जाईन. वठल्या लाकडाशेजारी म्हातारपण कोण काढणार?"

फरामर्जनं उभा जन्म डोंगरातल्या रस्त्यांवर बस चालवली होती. प्रत्येक वळणावर हॉर्न ठोकला होता. पण एक वाक्य त्याच्या घशात कित्येक वर्षं अडकून बसलं होतं. त्याला ना पुढे जाता येत होतं, ना मागे.

आता तिच्या अंगणात उभं राहून त्यानं मान वर करून अर्गवानाचे शेंडे न्याहाळले. त्याचा शिरीष शेंड्यांना फुलायचा, म्हणून त्यानं प्रत्येक फांदीचं टोक तपासलं. सगळी कोरडी ठाक. बुंधा तेवढा मुळापासून खांद्यापर्यंत गोणपाटात गुंडाळलेला होता.

"हे कशाला?" त्यानं विचारलं.

"थंडी वाजते त्याला," पायरीवर बसून कलिंगडाच्या बिया फोडणारी अकदस म्हणाली. ती बद्री-खानमची धाकटी बहीण.

"एवढ्या उन्हात?"

"नाजूक आहे हो फार." आणि तिनं डोक्यावरून घेतलेल्या चादरीचं टोक तोंडात कोंबलं. तिचे खांदे गदगदत होते.

बद्री-खानमनं बाह्या सरसावल्या आणि आरी उचलली.

"अरे मुखस्तंभा!" ती कडाडली. "पाणी घातलं, खत घातलं, दोन गोड शब्द बोलले, दहा कडू बोलले. काही उपयोग? सकाळी भिंतीशी उभा, संध्याकाळी भिंतीशी उभा! ओठातून काही फुटेल तर शपथ! मुलगा गाडी घेऊन दारात उभा राहिल्यावर बोलणार आहेस का?"

"ताई," अकदस म्हणाली, "झाड इकडे आहे."

कारण आरी झाडाकडे होती, पण डोळे फरामर्जकडे. त्याचे कान लालभडक झाले.

आरीचं टोक गोणपाटाला लागलं.

"थांबा!" फरामर्ज ओरडला. "कापू नका! मी जामीन!"

"तुम्ही? तुम्हाला अर्गवानातलं काय कळतं?"

"काही नाही."

"मग कशाच्या जोरावर जामीन राहता? फुलला नाही तर?"

"नाही फुलला तरी जाऊ नका!" आणि घशातलं ते वाक्य एकदम सुटलं, ब्रेक निकामी झालेल्या बससारखं. "माझ्याशी लग्न करा, बद्री-खानम! ही भिंत पाडून टाकू! शिरीष तुमचा, अर्गवान माझा. नाही, अर्गवानही तुमचा! चहातलं रेशीम मी काढीन!"

चार खिडक्या धाडकन उघडल्या. अकदसनं जीभ हलवत लग्नातला असा लांबलचक हर्षनाद काढला की छपरावरची सगळी कबुतरं उडाली. बियांची वाटी पायऱ्यांवरून गडगडत खाली गेली. समोरच्या गच्चीवरून कुणीतरी ओरडलं, "खानम, हो म्हणा, नाहीतर ते पुन्हा चार वर्षं बोलायचे नाहीत!"

"हो तर हो!" बद्री-खानमनं गच्चीकडे बघून उत्तर दिलं आणि आरी खाली ठेवली. फरामर्ज मटकन पायरीवर बसला. तो हसत होता की रडत होता, त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

मग एकाएकी त्याला भीती वाटली. "पण मुलाला काय सांगाल? अर्गवान फुलला तरच राहीन म्हणाला होतात. आरी घ्या, पुन्हा दम द्या त्याला! मी आणखी गयावया करतो!"

"अकदस, सोड गं ते गोणपाट," बद्री-खानम म्हणाली.

दोरी सुटली. गोणपाट गळून पडलं. मुळापासून खांद्यापर्यंत, जुन्या सालीतूनच फुटलेल्या गुलाबी फुलांनी बुंधा गच्च भरला होता. एका पानाचाही पत्ता नव्हता.

"याला कशाला दम देऊ?" ती म्हणाली. "हा तर परवाच फुललाय."