पेन्सिलीतला कार्बन
“दादाचा प्रयोगशाळेतला कोट बाळाच्या कपड्यांत धुऊ नकोस,” नणंद म्हणाली होती. मी हसण्यावारी नेलं. प्रकाश पडल्यावर सौरपट्टीत सुटणारा विद्युतभार वाटेतच वाया जाऊ नये, म्हणून नवरा तिच्या थरात कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांची काळी पूड मिसळतो. मास्क नाहीच, कारण त्याचे सर म्हणतात, “कार्बनच तो! पेन्सिलीत नसतो का?” परवा नवऱ्याचा खोकला थांबेना, तेव्हा त्या पुडीने माखलेला तो कोट घेऊन मी थेट सरांच्या केबिनमध्ये गेले. सन्मानचिन्हांच्या गराड्यात महाशय ऐटीत बसलेले. “वहिनी, उगाच बाऊ करताय.” “मग जरा धरा,” म्हणत मी कोट पुढे केला. पेन्सिलवाले महाशय खुर्चीसकट भिंतीला टेकले आणि नाकाला रुमाल लावून ओरडले, “आधी पिशवीत घाला ते!” असल्या शूरांच्या हाताखाली तुमचंही कुणी राबत असेल, आज त्याला मास्क मिळतो का, तेवढं विचाराल?