गोधडीचा वास

आई गेल्यावर सिंधूला धरणगावहून नशिराबादला काकांकडे आणलं. पहिल्या रात्री झुंबरकाकीने तिला अंथरायला दिलेल्या गोधडीला काकीच्या दोन्ही मुलींच्या डोक्याच्या तेलाचा वास येत होता. पेटीवर धुतलेल्या गोधड्यांची चळत होती, ती सिंधूने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. पोरकीला कशाला देतील चांगली? सकाळी उठल्या उठल्या तिने ती गोधडी हौदावर नेऊन खसाखसा धुतली आणि दोरीवर टाकली.

तेवढ्यात हिलालकाका पहिल्या एसटीने जामनेरहून आले. ट्रान्झिस्टरच्या खोक्यात नवा ससा होता. घरचे दोन ससे जाळीला नाक लावून पाय आपटायला लागले. सिंधूने खोक्यात घालायला ताजं गवत आणलं, तर काकीने तिचा हात धरला आणि जुन्या सशांच्या अंगाखालचं मळकं गवत काढून खोक्यात पसरलं.

"काकी, ते घाण शे!"

"साफ गवत दिधं ते तो पाहुनाच राही, माय. आंगले त्यास्ना वास लागू दे, मंग त्या याले आपला म्हनतीन."

सिंधूची नजर दोरीकडे गेली. तिच्या मागोमाग काकीचीही. गोधडीतून अजून पाणी ठिबकत होतं.

काकी आत गेली, स्वतःच्या अंथरुणातली गोधडी घेऊन आली आणि सिंधूच्या हातात दिली.

"हाई मातर धोऊ नको."